‘ट्रायल’ म्हणजे काय रे भाऊ?

ट्रायल हा आपल्या पिढीचा लाडका शब्द. जिमची सात दिवसांची ट्रायल, सॉफ्टवेअरची तीस दिवसांची ट्रायल, मॉलमधली ट्रायल रूम. आवडलं तर घ्या, नाही आवडलं तर हँगरवर परत लटकवा. फुकट, बिनधास्त, नो टेन्शन!

आता समजा, तुम्ही लोअर परळच्या किंवा हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगला बसलायत आणि रत्नागिरीहून काकांचा फोन येतो. ‘अरे, तुझ्या बाबांचा तोंडाचा आजार पुन्हा उलटलाय. डॉक्टर ट्रायलचं म्हणतायत. दोन औषधं एकत्र देणार, इम्युनो की काय ते. सही करायची का? तू शिकलेला, तूच काय ते सांग.’

झालं! मीटिंग गेली उडत. तुम्ही बाहेर पॅसेजमध्ये येता, मोबाइलवर शोधायला लागता, आणि पाच मिनिटांत दोन टोकांची मतं समोर येतात. एक म्हणतं, इम्युनोथेरपी म्हणजे चमत्कार, शेवटच्या स्टेजचे पेशंट बरे झाले. दुसरं म्हणतं, कंपन्या गरिबांवर प्रयोग करतात, आपल्या माणसाचा उंदीर करतात. घरी आत्या दुसऱ्या बाजूची, मामा पहिल्या बाजूचा. आणि काका फोन धरून बसलेत.

दोन्ही बाजू एक साधा प्रश्न विचारत नाहीत. ही ट्रायल नेमकं काय शोधून काढायला निघाली आहे? कारण सुरुवातीच्या टप्प्यातली चाचणी ‘बाबा बरे होतील का’ हा प्रश्न विचारतच नाही. ती विचारते, ‘डोस किती द्यायचा?’ ऐकायला फारच रुक्ष आहे ना? पण कोकणातल्या पेशंटपर्यंत हे महागडं औषध पोहोचण्याची जी काही वाट उघडली, ती याच रुक्ष प्रश्नातून उघडली. तीसुद्धा बोस्टन किंवा टोकियोत नाही, आपल्या परळमध्ये.

ब्रेक काढलेली गाडी

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, बारावीच्या बायोलॉजीपेक्षा सोपं आहे.

आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे शरीराची फौज. ही फौज बेफाम होऊन आपल्याच अवयवांवर चालून जाऊ नये म्हणून निसर्गाने तिला ब्रेक बसवलेत. त्यातले दोन प्रसिद्ध. सीटीएलए-४ हा ब्रेक फौज तयार होतानाच, लसिकाग्रंथींमध्ये लागतो. पीडी-१ हा पुढे, प्रत्यक्ष लढाईच्या जागी. कॅन्सरची गाठ लबाड असते. ती हा दुसरा ब्रेक दाबून धरते, आणि फौज समोर उभी राहूनही हात बांधून बसते. हे ब्रेक सोडवता येतात हे दाखवून देणाऱ्या अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानच्या तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. पहिला ब्रेक सोडवणारं औषध इपिलिमुमॅब अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, दुसरा सोडवणारं निवोलुमॅब २०१४ मध्ये. (नावं अशी का ठेवतात देव जाणे. अजून एकाही नातेवाइकाच्या तोंडून धड उच्चार ऐकलेला नाही.)

मग साहजिक विचार आला, एक ब्रेक काढून एवढं होतं तर दोन्ही काढले तर? हीच ती ‘कॉम्बिनेशन इम्युनोथेरपी’. पण आंबा घाट उतरणाऱ्या एसटीचे दोन्ही ब्रेक काढले तर काय होईल, हे रत्नागिरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. फौज मोकाट सुटते ती गाठीवर, आणि कधीकधी आतड्यांवर, यकृतावर, थायरॉइडवर, फुप्फुसांवरसुद्धा. केमोथेरपीत केस जातात, उलट्या होतात. इथे त्रासाचा प्रकारच वेगळा. जुलाब थांबत नाहीत आणि पेशंटला वाटतं, काल खाल्लेलं बाधलं असेल. अशा वेळी ओव्याचा काढा देऊन दोन दिवस वाट बघणं फार महागात पडू शकतं.

या जोडीची पहिल्या टप्प्याची चाचणी अमेरिकेत मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवर झाली आणि २०१३ मध्ये छापून आली. दोन्ही औषधं एकदम घेणारे पेशंट होते ५३. त्यातल्या ४० टक्क्यांच्या गाठी आकसल्या, आणि डोसची जी जोडी शेवटी झेपेल असं ठरलं तिच्यावर तर ५३ टक्क्यांच्या. ज्या आजारात तोवर डॉक्टर मान हलवून निघून जायचे तिथे हे आकडे! पण त्याच कागदावर पुढची ओळ होती, गंभीर दुष्परिणामही ५३ टक्क्यांना. पुढे मोठ्या चाचणीत ९४५ पेशंट घेतले. त्यांचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये आला. जोडी घेतलेल्यांपैकी निम्मे पेशंट जवळजवळ सहा वर्षं किंवा त्याहून जास्त जगले, एकटं इपिलिमुमॅब घेतलेल्यांत हाच आकडा वीस महिन्यांचा होता.

म्हणजे चमत्कारवाला मामा अगदीच खोटं बोलत नाही. फक्त तो मेलॅनोमाबद्दल बोलतोय, आणि आपल्याकडे मेलॅनोमा फार कमी दिसतो. आपल्याकडे असतो तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर. तंबाखूचा, गुटख्याचा, आणि घराघरांतल्या बायका दातांना लावतात त्या मशेरीचा.

तीन माणसांचा जिना

पहिल्या टप्प्याची चाचणी कशी चालते हे एकदा कळलं की कागदावर सही करताना हात थोडा कमी थरथरतो.

जुनी, सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ‘तीन अधिक तीन’. एक जिना डोळ्यांसमोर आणा. सर्वांत खालच्या पायरीवर डोस अगदी कमी. तिथे तीन पेशंट घेतात आणि साधारण तीन-चार आठवडे थांबतात. कुणालाच ठरलेल्या यादीतला गंभीर त्रास झाला नाही तर पुढचे तीन एक पायरी वर. एकाला झाला तर त्याच पायरीवर आणखी तीन. दोघांना झाला की जिना संपला. त्याच्या खालची पायरी हा पुढच्या टप्प्याचा डोस.

आता बघा, तुमचे बाबा या जिन्यावर कुठल्या पायरीवर असतील हे ना तुमच्या हातात, ना डॉक्टरांच्या. खालच्या पायरीवर असले तर औषध कमी पडण्याची शक्यता, वरच्या पायरीवर असले तर जास्त होण्याची. चिठ्ठी कधी दार ठोठावलं त्यावर निघते. हे क्रूर वाटतं, पण याहून सुरक्षित पद्धत शोधायला संख्याशास्त्रातली बरीच मंडळी गेली कित्येक वर्षं डोकं लावतायत, आणि नव्या पद्धती आल्या तरी कुणीतरी पहिल्या पायरीवर उभं राहावंच लागतं.

मग फायदा होतो तरी किती जणांना? याचा एक मोठा हिशेब २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या २००० ते २०१९ या काळातल्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या, सगळ्या सॉलिड ट्यूमरच्या, म्हणजे रक्ताचे कॅन्सर वगळून गाठीच्या कॅन्सरच्या. एकूण १३,८४७ पेशंट. सुरुवातीच्या वर्षांत शंभरातल्या जेमतेम दहा जणांची गाठ आकसायची, २०१३ नंतर अठरा जणांची. एकच औषध असेल तर साडेतीन टक्के, औषधांची जोडी असेल तर जवळपास सोळा. आणि औषधामुळेच मृत्यू आला असे पेशंट ०.७ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. ‘गाठ आकसली’ म्हणजे मोजमापात किमान तीस टक्क्यांनी लहान झाली, बरी झाली असं नव्हे. आणि शंभरातले ऐंशीहून जास्त लोक असे, ज्यांची गाठ तेवढीही लहान झाली नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण फोनवर काकांना हे सांगणारं कुणीतरी हवं. कारण कितीतरी पेशंट आणि नातेवाईक सही करताना मनात धरून चालतात की ही ट्रायल म्हणजे माझ्यासाठी खास निवडलेला, सर्वांत नवा उपचार. डॉक्टर तसं म्हणालेले नसतात. कागदावरही तसं नसतं. पण आशा स्वतःचा कागद स्वतः लिहून घेते.

आणि पहिल्या टप्प्यातली चमक नेहमी टिकतेच असंही नाही. एपाकॅडोस्टॅट नावाची गोळी आठवून बघा (नाही आठवणार, तोच तर मुद्दा आहे). इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनबरोबर मेलॅनोमावर दिली तेव्हा सुरुवातीच्या चाचणीत निम्म्याहून जास्त पेशंटच्या गाठी आकसल्या. सगळीकडे गाजावाजा. २०१८ मध्ये सातशेहून जास्त पेशंटची मोठी चाचणी झाली आणि निकाल लागला, की गोळी घातली काय न घातली काय, फरक शून्य. इंजेक्शन एकटंच तेवढं काम करत होतं.

आपल्या तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचं काय? मेलॅनोमात हिरो ठरलेली ती दोन ब्रेकवाली जोडी इथेही आजमावली गेली, साडेनऊशेच्या आसपास पेशंट घेऊन. २०२१ मध्ये कळलं, नेहमीच्या केमोपेक्षा ती सरस ठरली नाही.

परळचा उलटा जिना

आता येतो खरा मसाला. आणि तो कुठल्याही ग्लॅमरस लॅबमधला नाही, केईएमच्या शेजारच्या टाटा मेमोरियलमधला आहे. रत्नागिरीचा कॅन्सरचा पेशंट एसटीने किंवा रेल्वेने शेवटी जिथे येतोच, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब समजतो, ते टाटा.

तिथल्या डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या ओपीडीत रोज बसणाऱ्या माणसाला लाखांत बिल होणारी इंजेक्शनं परवडणार नाहीत. दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम निवोलुमॅब, महिनोन्‌महिने? आंब्याची बाग विकली तरी पुरणार नाही. मग त्यांनी जिना उलटा लावला.

आधी तीन जुन्या, साध्या गोळ्या. मेथोट्रेक्सेट, केमोतलं म्हातारं औषध, आठवड्यातून एकदा. सेलेकॉक्सिब, जी तुमच्या आजीला गुडघेदुखीसाठी दिली असेल. आणि अर्लोटिनिब, मूळची फुप्फुसाच्या कॅन्सरची गोळी. कमी डोस, पण न थांबता, मेट्रोनोमच्या ठेक्यासारखा. म्हणून याला म्हणतात मेट्रोनॉमिक उपचार. त्याच्या पहिल्या टप्प्यात पंधरा पेशंट होते, आणि गंमत बघा, जिना वरून खाली उतरणारा. झेपेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा नव्हता, पुरेल तेवढा कमीत कमी शोधायचा होता! मेथोट्रेक्सेटचा आकडा ठरला शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे ९ मिलिग्रॅम. मग दुसऱ्या टप्प्यात ७६ पेशंट. हे सगळे असे, ज्यांचा तोंडाचा कॅन्सर नेहमीच्या केमोला दाद देत नव्हता. त्यातल्या साधारण ४३ टक्क्यांच्या गाठी आकसल्या. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

पुढची पायरी म्हणजे या गोळ्यांबरोबर इम्युनोथेरपी. पण किती? इथे निवोलुमॅबच्या जुन्या चाचण्या कामाला आल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरुवातीच्या चाचणीत किलोमागे ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत डोस दिले होते, आणि जिना वरपर्यंत चढूनही ‘आता बास’ म्हणायची पायरी आलीच नव्हती. म्हणजे हे औषध केमोसारखं नाही. केमोत डोस वाढवला की मारा वाढतो. इथे ब्रेक एकदा सुटला की सुटला, त्यावर आणखी औषध ओतून तो जास्त सुटत नाही. मग एवढं ओतायचं कशाला?

डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. गणित करून बघा. सहा आठवड्यांत पूर्ण डोसवाल्याला ७२० मिलिग्रॅम जातं, इथे ४०. अठरावा हिस्सा! औषधाची सर्वांत लहान कुपी ४० मिलिग्रॅमची, म्हणजे एका कुपीत दोन पेशंट. कटिंग चहाचा फंडा म्हणा हवं तर.

ही चाचणी मात्र पहिल्या टप्प्याची नव्हती, तिसऱ्या टप्प्याची होती, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेली. १५१ पेशंट, सगळे असे की ज्यांना बरं करण्याचा मार्ग उरला नव्हता. एका गटाला फक्त तीन गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या अधिक ते चिमूटभर निवोलुमॅब. २०२२ मध्ये निकाल जगासमोर आला. वर्षभरानंतर गोळ्यांच्या गटात हयात होते १६.३ टक्के. इंजेक्शनच्या गटात ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणाम पहिल्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४६.१. म्हणजे ब्रेक थोडासाच सैल केला आणि घाटात गाडीही घसरली नाही.

आता थांबा, पेढे वाटू नका. पहिल्या गटात निम्मे पेशंट साधारण ६.७ महिन्यांच्या आत गेले, दुसऱ्यात १०.१ महिन्यांच्या आत. मधला फरक साडेतीन महिने. कॉर्पोरेट प्रेझेंटेशनमध्ये साडेतीन महिने म्हणजे एक क्वार्टर. ज्याच्या घरी मुलीचं लग्न ठरलंय किंवा नातू बोलायला शिकतोय, त्याच्यासाठी काय, ते त्यालाच विचारायला हवं. शिवाय या चाचणीने २० मिलिग्रॅमची तुलना पूर्ण डोसशी केलेली नाही. त्यामुळे ‘कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो चाचणीच्या पुढे धावतोय. चाचणी एवढंच सांगते की काहीच न मिळण्यापेक्षा एवढंसं मिळालं तरी फरक पडतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक पेशंटपुढे पर्याय ‘कमी की पूर्ण’ हा नव्हताच. ‘कमी की शून्य’ हाच होता.

मला विचाराल तर या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठं काम त्या पहिल्या पंधरा जणांचं आहे. त्यांची नावं कुठेच छापलेली नाहीत. डोस खाली उतरवून चालेल का, याचं उत्तर त्यांच्या शरीरावर लिहिलं गेलं.

कागदावर काय बघायचं?

आता काकांच्या फोनकडे. ‘हो’ किंवा ‘नको’ हे कुणी बाहेरचा सांगू शकत नाही, पण तुम्ही शनिवारी गाडी पकडून घरी जाणारच असाल तर संमतिपत्रक समोर घेऊन बसा. ते पेशंटला समजेल अशा भाषेत मिळायला हवं, इंग्रजी कागदावर ‘इथे सही करा’ चालत नाही. २०१९ पासून देशात नवे नियम लागू आहेत, आणि त्यांच्या मागे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात गाजलेलं प्रकरण आहे, इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने लावून धरलेलं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलं म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. नैतिकता समितीचा संपर्क कागदावर असतो, तो फोन करण्यासाठीच असतो, शोभेला नाही. चाचणी सरकारी नोंदणीत आहे का, हे सीटीआरआय या नोंदवहीत कुणालाही फुकट बघता येतं. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. मुलगा आयटीत असण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा!

डॉक्टरांना मात्र दोन-तीन गोष्टी तोंडी विचारा. हा कितवा टप्पा? पहिला असेल तर बाबा कितव्या पायरीवर? त्याआधीच्या पायऱ्यांवरच्या लोकांचं काय झालं? आणि ट्रायल घेतली नाही तर दुसरा काय उपचार आहे, त्यात हा कमी डोसवाला आहे का? विचारायला संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील असं आई म्हणते. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं की कुणीतरी कागद वाचलाय.

आणखी एक, जो सगळ्यांत शेवटी आठवतो, पण सगळ्यांत आधी विचारायला हवा, तो म्हणजे येण्या-जाण्याचा. आयसीएमआरने पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांसाठी देशात जी केंद्रांची साखळी उभी केली आहे, त्यातली दोन महाराष्ट्रात आहेत, परळचं केईएम आणि खारघरचं टाटाचं अ‍ॅक्ट्रेक. रत्नागिरीत एकही नाही. पहिल्या टप्प्यात रक्त ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला द्यावं लागतं. पहिला दिवस, आठवा, पंधरावा असं चालतं. खारघरला जायचं तर कोकणकन्या पहाटे पनवेलला सोडते, तिथून रिक्षा. बरोबर कोण जाणार, रात्र कुठे काढणार, प्रवासखर्च चाचणीतून मिळतो का, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं किंवा विचारून घ्यावं लागतं. आणि पंधरावा दिवस गणपतीत आला, तर वेळापत्रकात किती दिवस इकडेतिकडे चालतात, हे सही करण्याआधीच विचारा. तेव्हा तिकीट मिळत नाही.